चान्स घेण्याआधी नेमकं किती वजन उतरवायचं?

मदत हवी आहे. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

वय ३१, उंची १५७ सेंटिमीटर, वजन ६८ किलो. राहायला इंदूर. आईला आणि मावशीला डायबिटीज. आता चान्स घ्यायचं ठरवलंय. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) काढला तर २७.६. नेटवरच्या तक्त्यात हे 'थोडं जास्त', पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आपल्याकडे २३ पासून जास्त आणि २५ पासून स्थूल धरतात. झालं, खुर्चीत बसल्या बसल्या मी स्थूल! वजन उतरवलंस तर गरोदरपणात शुगर निघायची शक्यता कमी होईल म्हणाल्या. किती उतरवू, हे विचारायचं राहिलंच.

घरी वेगळाच सूर. सासूबाई म्हणतात, "मूल हवंय आणि उपाशी काय राहतेस? धाकटीला काय वजनामुळे झालं?" आता यावर काय बोलणार! धाकटी जाऊ जेमतेम ५० किलोची, तरी सहाव्या महिन्यात तिला शुगर निघाली. टेस्टला मीच सोबत होते. ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी, अर्धा ग्लास पोटात गेला आणि तिने माझा हात घट्ट धरला, उलटी होईल म्हणून. दोन तासांनी १५८ आली. गरोदरपणात १४० पासून पुढे डायबिटीज धरतात.

२३ च्या आत यायचं तर मला ११ किलो उतरवावे लागतील. दिवाळीपासून दीड उतरलंय, तेही रविवारची जिलबी सोडून. या वेगाने वय वाढेल, आणि वयाचाही धोका असतोच ना? की चार-पाच किलोंनीही फरक पडतो?

(मेथीचं पाणी सुचवू नका. बरणी भरून ठेवलेली आहे.)

प्रतिसाद, बडोद्याहून

अगं, ११ चा नाद सोड. मला दोन्ही खेपेला शुगर होती, म्हणून सांगते. पाच-सात टक्के, म्हणजे तुझे साडेतीन ते पावणेपाच किलो उतरले तरी इन्सुलिन बरंच नीट काम करायला लागतं. त्याआधी उपाशीपोटीची शुगर आणि एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी टेस्ट) करून घे. डायबिटीज आधीचाच असला तर दिवस राहिल्यावर कळून उशीर होतो, बाळाचे अवयव पहिल्या काही आठवड्यांतच घडतात.

जावेचं म्हणशील, तर वारेतली (प्लासेंटातली) हार्मोन्स प्रत्येकीच्याच इन्सुलिनला आडवी येतात. स्वादुपिंडाने तेवढं जास्तीचं इन्सुलिन पुरवलं तर ठीक, नाहीतर शुगर चढते. बारीक बाईलाही होतं. वजन जास्त असलं की मुळातच इन्सुलिनचा जोर कमी पडतो, त्यात हे.

कुणी वजन उतरवायची इंजेक्शनं सुचवली तर तुमचं चान्स घ्यायचं ठरलंय ते आधी सांग, ती चान्स घेण्याआधी बंद करावी लागतात. फॉलिक अ‍ॅसिडचंही विचार. आणि एकदा दिवस राहिले की वजन उतरवायच्या मागे लागू नकोस.

धागाकर्ती

ताई, रिपोर्ट आला. एचबीएवनसी ५.८. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डायबिटीज नाही, पण ५.७ पासून काठावर. वजन ६४ किलोपर्यंत आण, मग घ्या चान्स. दिवस राहिले की पहिल्याच भेटीत ग्लुकोजची टेस्ट आणि सहाव्या महिन्यात परत. सासूबाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला, बोलल्या काहीच नाहीत.

आता एकच: सकाळचे पोहे सुटणार नाहीत, इंदूर आहे. शेव काढून वर मोड आलेल्या मटकीची उसळ घातली तर चालेल ना? आणि वाटी केवढी?