न बांधलेल्या घराची वही

धागा

आमच्याकडे चौकटीच्या पानांची एक वही आहे, २०११ पासूनची. तिच्यात गुहागरकडच्या एका घराचे नकाशे आहेत. घर नाही, जागाही नाही. आम्ही राहतो डोंबिवलीत, तिसऱ्या मजल्यावर. सकाळी नवऱ्याच्या लोकलआधी गॅलरीत चहा होतो, त्या वीस मिनिटांत हे घर बांधून होतं. परवा विहीर परसातून पुढच्या अंगणात आणली. रहाटाचा आवाज ओटीवर यायला हवा म्हणे. मी म्हटलं, मग तुळशीवृंदावन कुठे न्यायचं? तो कप वहीवरच ठेवून विचार करत बसला. पानावर कपाचा गोल उमटला आणि तीच आमची विहीर ठरली.

जाऊबाई म्हणाल्या, "इतकी वर्षं रेघोट्या मारण्यापेक्षा दोन गुंठे घेतले असतेत." मला हे अजिबात पटलेलं नाही. एरवी आमचं बोलणं म्हणजे सिलिंडर, लेकाची फी, सासूबाईंच्या गोळ्या. वही उघडली की हा माणूस वेगळंच काही बोलतो. कौलांवरचा पाऊस ऐकत माळ्यावर झोपायचं त्याच्या मनात लहानपणापासून आहे, हे मला लग्नानंतर नऊ वर्षांनी त्या वहीमुळे कळलं. हे घर कधी नाही झालं तरी चालेल, असं माझं ठाम मत आहे. तुम्हाला काय वाटतं?

प्रतिसाद १ (रत्नागिरी)

ताई, नाही पटलं. वहीत सगळंच जमतं. तुम्ही शेतकरी नसाल तर १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ मुळे इथली शेतजमीन सरळ विकत घेता येत नाही, बिनशेती प्लॉट बघावा लागेल. ओटी पश्चिमेला काढली असेल, तर नैऋत्येकडून येणारा पाऊस थेट आत. आमच्याकडे त्या बाजूला पावसाळ्याआधी झावळ्यांची झडी, म्हणजे आडोसा, बांधतात. आणि जागा बघायची तर जुलैत बघा, मे महिन्यात सगळेच प्लॉट छान दिसतात. जांभ्या दगडाचा चिरा खाणीतून निघतो तेव्हा नरम असतो, वारा लागून घट्ट होत जातो. ताजा चिरा तासताना नवरा-बायकोने शेजारी उभं राहून बघावं, त्यात जी मजा आहे ती पेन्सिलीत नाही.

प्रतिसाद २ (पुणे)

माझं वय एकाहत्तर. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, तेव्हा आमच्या ह्यांनी ठरवलं होतं : रोहा ते ठोकूर, ७४१ किलोमीटर, मनात येईल त्या स्टेशनवर उतरायचं आणि तिथेच मुक्काम करायचा. रोज रात्री जेवणानंतर यादी व्हायची. उतरल्यावर काय खायचं, हेसुद्धा. रिटायर झालो की जाऊ म्हणत होते. रिटायर झाले आणि चार महिन्यांत गेले. यादी त्यांच्या अक्षरात माझ्या कपाटात आहे, मला ती उघडवत नाही. तेव्हा "नाही झालं तरी चालेल" असं लिहू नकोस गं.

प्रतिसाद ३ (नागपूर)

मला दुसरंच विचारायचंय. त्या घरात स्वयंपाक कोण करतं? आमचे हे असंच बोलायचे : शेत, मोठी ओसरी, मित्र आलेत, चुलीवरचं पिठलं-भाकरी. मी एकदा विचारलं, भाकरी थापतंय कोण? गप्पच झाले. एकाच्या स्वप्नात दुसऱ्याला कामाला जुंपलं तर ते दोघांचं कसं म्हणायचं?

प्रतिसाद ४ (ठाणे)

मी धागाकर्तीच्या बाजूने. आम्ही बांधलंच घर, राजापूरजवळ. आधीची सहा वर्षं रोज रात्री त्यावर बोलायचो. आता वानरांनी कौलं फोडली, पंप जळला, राखणदाराचा फोन लागत नाही, एवढंच बोलणं. घराबद्दल पश्चात्ताप नाही, पण ते बोलणं गेलं ते गेलंच. रत्नागिरीकर, तुमचा चिरा तासून झाल्यावर पुढे काय, तेही लिहा.

प्रतिसाद १ (रत्नागिरी)

पुढे दर साली कौलं चाळायची. आम्ही दोघं मिळून चाळतो, ती खालून देते, मी वर लावतो. बोलणं तेव्हाही होतं.

धागाकर्ती

सगळे प्रतिसाद काल रात्री त्याला वाचून दाखवले. नागपूरच्या ताई, तुमच्या प्रश्नावर तो बराच वेळ काही बोलला नाही. मग जुनी पानं उलटली आणि मलाच धक्का बसला : इतक्या वर्षांत ओटी सात वेळा बदलली, स्वयंपाकघर एकदाही नाही. कोपऱ्यात, एका खिडकीचं. मीही कधी म्हटलं नव्हतं. सकाळी त्याने ते खोडून ओटीला लागून काढलं, मधली भिंत अर्धीच. आणि दोन पाटे-वरवंटे काढलेत. एकच पुरे, ते मी खोडायला लावलं.

ठाण्याचं म्हणणं मला पटतं, माझं मत तेच आहे. पण पुण्याच्या काकू, तुमचं वाचून त्याने लगेच मांडवी एक्सप्रेसची चिपळूणपर्यंतची तिकिटं काढली, जुलैतली. प्लॉट बघायचा नाहीये. दोन दिवस गुहागरात कुणाच्या तरी ओटीवर बसून पाऊस कुठून आत येतो ते बघायचंय. वही बरोबर नेतोय, प्लॅस्टिकच्या पिशवीत.