मदत हवी आहे: कुंडीतल्या ब्रुगमान्सियाचे शेंडे आखडलेत, हा व्हायरस की कीड?

नमस्कार मंडळी,

मी नागपूरला, प्रतापनगरात राहते. पहिला मजला, पूर्वेची गॅलरी. तीन वर्षांपूर्वी पचमढीहून ओल्या रुमालात गुंडाळून एक काडी आणली होती, ती आता १४ इंची कुंडीत माझ्या खांद्याला लागते आहे. ब्रुगमान्सिया, म्हणजे एंजल्स ट्रम्पेट. धोतऱ्याचाच चुलतभाऊ, फक्त याची फुलं वर न बघता खाली लोंबतात. पीच रंगाची, वीतभर लांब, आणि दिवेलागणीनंतर असा घमघमाट की खालच्या काकू मुद्दाम गॅलरीत खुर्ची टाकून बसतात. मागच्या दिवाळीत एकाच वेळी १९ फुलं मोजली होती. यंदा अजून एक नाही.

मेपासूनची हकीकत सांगते. लांब आहे, पण डॉक्टरपासून लपवायचं नसतं.

मेमध्ये पारा ४५ च्या वर गेला तशी जुनी पानं फिकट पडली. जवळून पाहिलं तर सुईने टोचल्यासारखे बारीक पांढुरके ठिपके, आणि पान उलटलं तर शिरांच्या बेचक्यात विरळ जाळी. लाल कोळी, हे कळलं. उन्हाळ्यात माझ्या गुलाबालाही तोच लागतो. मग मी शहाणपणा केला. कडुनिंबाचं तेल पाण्यात कालवून सकाळी अकराला फवारलं. नवतपा चालू! दुसऱ्या दिवशी पानांच्या कडा भाजलेल्या पापडासारख्या. चूक माझीच. नंतर हिरवी जाळी बांधली, रोज संध्याकाळी पाइपने पानांच्या खालून पाणी मारलं, पाऊस आला आणि झाड सावरलं. जुलैत भराभर नवी फूट निघाली.

खरी पंचाईत आता आहे. तीन आठवड्यांपासून शेंड्याचं पान वाढतच नाही. तळहाताहून मोठं व्हायचं ते करंगळीएवढं राहतं; जाड, कडक, कडा खाली वळलेल्या. खालची बाजू गंज चढल्यासारखी तांबूस आणि चकचकीत. कळ्या वाटाण्याएवढ्या होऊन गळतात. जुनी पानं मात्र ठणठणीत. जाळी नाही, किडा दिसत नाही. शिवाय मधल्या पानांना मोठाली भोकं. दोन पानांचा तर नुसता देठ उरला आहे.

नर्सरीवाल्याने मोबाइलवर फोटो पाहून इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक दिलं. दोनदा मारलं, शेंडे आणखीच आखडले. गेल्या रविवारी पुन्हा कडुनिंबाचं तेल मारलं, या वेळी संध्याकाळी.

हा व्हायरस आहे का? असेल तर झाड काढून टाकायचं का? आणि कृपा करून जहाल औषध सुचवू नका. २०१७ मध्ये यवतमाळकडे फवारणीतून विषबाधा होऊन माणसं गेली, तेव्हापासून ती बाटली घरात ठेवायचीच धास्ती वाटते. ही एक आणली तीच खूप झाली.

प्रतिसाद १

आंबट ताक आणि हिंग. आमच्या पुण्यातल्या गच्चीत सगळ्यावर हेच चालतं.

प्रतिसाद २

ताई, मी भिवापूरकडचा, घरी मिरचीच. तुमचं वाचताना वाटलं, आपल्याच वावरात उभा आहे. याले आम्ही कोकडा म्हणतो, बाकीचे चुरडा-मुरडा. पण हे काही एका रोगाचं नाव नाही. पान वर वळून द्रोणासारखं झालं तर फुलकिडे. खाली वळून पालथ्या होडीसारखं झालं तर कोळी. तुमची होडी पालथी आहे.

पण हा मेमधला लाल कोळी नव्हे. हा पिवळसर-पांढरा, जेमतेम ०.२ मिलिमीटरचा, नुसत्या डोळ्याले दिसतच नाही. जाळी करत नाही, जुन्या पानाकडे ढुंकून पाहत नाही, फक्त कोवळे शेंडे न कळ्या चोखते. लाल कोळ्याले कोरडं ऊन पाहिजे, याले दमट हवा. म्हणून एक गेला न दुसरा आला. मिरची, वांगं, धोतरा, तुमचं हे झाड, सगळी एकाच कुळातली, त्याले काय फरक पडते?

व्हायरस असता तर पानावर हिरवे-पिवळे चट्टे नाहीतर शिरा पिवळ्या दिसल्या असत्या. तसं तुम्ही काही लिहिलं नाही. खात्री करायची तर एक शेंडा तोडा न घड्याळ दुरुस्तीवाल्याच्या भिंगातून पानाची खालची बाजू पहा. कोळी सापडला नाही तरी अंडी ओळखू येतात, लांबट काचेच्या मण्यावर पांढऱ्या टिपक्यांच्या रांगा असल्यासारखी.

इमिडाक्लोप्रिड मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांच्यासाठी. कोळी कीटकच नाही, आठ पायांचा प्राणी आहे, त्याले ते लागत नाही. उलट त्याले खाणारे किडे मरतात न याले रान मोकळं.

एक विचारू? जवळपास मिरचीची कुंडी आहे काय? न पांढरी माशी? हा कोळी पांढऱ्या माशीच्या पायाले धरून एका झाडावरून दुसऱ्यावर जाते.

धागाकर्ती

दादा, तुम्ही गॅलरीत येऊन गेलात की काय? त्याच स्टँडवर, दोन फुटांवर लवंगी मिरची आहे. जूनपासून तिचीही पानं अशीच. घरच्या मिरचीला कशाला औषध, म्हणून मी दुर्लक्ष केलं. आणि हो, हलवली की पांढरी माशी उडते.

घड्याळवाल्याने भिंग उसनं दिलं, काय बघायचं ते मात्र त्याला सांगितलं नाही. दुसऱ्याच शेंड्यावर टिपक्यांचे मणी दिसले. एक कोळीही दिसला, काचेचा तुकडा चालल्यासारखा. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

ताक-हिंगवाल्यांनी रागावू नये, पण वासाच्या बाबतीत घरातून नकार आला आहे.

प्रतिसाद २

मग आता असं करा. आखडलेले शेंडे खालच्या चांगल्या पानापर्यंत छाटा, पिशवीत घालून गाठ मारा अन् फेका; खताच्या डब्यात टाकू नका. त्यानंतर पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक, लिटरले २ ते ३ ग्रॅम, उन्हं उतरल्यावर, पानाच्या खालून न शेंड्याच्या आतपर्यंत. सात दिवसांनी परत, कारण अंडी एका फवाऱ्यात मरत नाहीत.

पण थांबा. तुम्ही रविवारी तेल मारलं आहे. तेल न गंधक यांच्यात दोन आठवडे पाहिजेत, नाहीतर पानं पुन्हा मेसारखी भाजतील. तोवर पाण्याचा झोत न साबणाचं पाणी. न ३२ अंशांच्या वर गंधक मारायचंच नाही.

आखडलेलं पान सरळ होत नसते. कोळी मेला तरी त्याच्या लाळेचा असर काही आठवडे राहते, म्हणून पुढच्या एक-दोन पानांवरून निराश होऊ नका.

भोकं कोळ्याची नाहीत. कुंडीखाली फरशीवर काळ्या मिऱ्यासारखं काही पडते काय? पडत असेल तर रात्री बॅटरी घेऊन देठ पहा.

प्रतिसाद ३

ताई, छाटणीआधी हातमोजे घाला! या झाडाच्या प्रत्येक भागात स्कोपोलामिन आणि अ‍ॅट्रोपिन हे विष असतं, चिकात, पानात, बियांत, फुलातही. घरात लहान मूल किंवा कुत्रं असेल तर गळलेली फुलं लगेच उचला.

धागाकर्ती

सल्ला वाचायला उशीर झाला. छाटणी शनिवारी झाली, घाम आला, मनगटाने डोळा पुसला. तासाभराने आरशात पाहिलं तर उजवी बाहुली वाटाण्याएवढी, डावी नेहमीसारखी. पेपरातली अक्षरं पुसट. घरात एकच गोंधळ, मेंदूचं काही झालं म्हणून सगळे हादरले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून पहिला प्रश्न विचारला, "धोतरा वगैरे हाताळलात काय?" बाहुली जागेवर यायला दोन दिवस लागले. सासूबाई श्रावणात महादेवाला वाहायला याची फुलं मागत होत्या. आता म्हणतात, आपला साधा धोतराच बरा.

अळी सापडली. बोटाएवढी जाड, पिवळी-हिरवी, अंगावर तिरके पट्टे, शेपटीला शिंग. फरशीवरचे मिरे म्हणजे तिची विष्ठा, मी आठ दिवस गॅलरीतला कचरा समजून झाडत होते. शोधल्यावर कळलं की हिचा पतंग म्हणजे पाठीवर कवटीचं चित्र असलेला तो. मारवली नाही, चिमट्याने उचलून मागच्या मोकळ्या प्लॉटमधल्या रानधोतऱ्यावर सोडली.

दोन आठवडे काढून गंधकाचे दोन फवारे झाले. पहिली दोन पानं वाकडीच निघाली, तुम्ही सांगून ठेवलं होतं म्हणून धीर धरला. तिसरं अर्धं सरळ. चौथं आज सकाळी उलगडलं, मऊ, पातळ, कडा सपाट, खालून हिरवंगार. मी घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं, कुणालाच त्यात काही विशेष वाटलं नाही.

लवंगी मिरचीलाही तेच फवारे दिले, पण तिच्यात जीव दिसत नाही. तिचं काय करू?

प्रतिसाद २

फेका ताई. मिरची पाहिजे तर आमच्याकडून न्या.