अनंत चतुर्दशीच्या झांक्या रात्री टिपायच्या आहेत: नवी लेन्स घेऊ की आहे त्यात भागेल? (इंदूर)

जेलरोडची_लेक
नमस्कार मंडळी. माझे बाबा हुकुमचंद मिलमध्ये होते. मिल १९९१ साली बंद पडली, पण कामगारांनी झांकी (अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीतला रोषणाईचा फिरता देखावा) काढणं सोडलं नाही आणि बाबांनी ती बघायला जाणं सोडलं नाही. आता गुडघ्यांमुळे त्यांना त्या गर्दीत नेता येत नाही. म्हणून यंदा मी फोटो काढून आणणार आहे. चांगले छापून त्यांच्या हातात द्यायचे आहेत.

कॅमेरा कॅनन १५००डी, सोबत आलेली १८-५५ लेन्स. घरच्या आरतीला ऑटोवर काढून पाहिले तर फ्लॅश उडतो आणि समईचा सगळा उजेड मरतो. फ्लॅश बंद केला की टाळ्या वाजवणारे हात पुसट येतात. दहा हजारांपर्यंत खर्च करू शकते. काय घेऊ? ट्रायपॉड न्यावा का?

सराफ्यातला_निशाचर
ताई, ट्रायपॉड नको. राजवाड्यापाशी त्या रात्री पाय ठेवायला जागा नसते, त्यात तीन पाय आणखी कुठे रोवणार? शिवाय ट्रायपॉडमुळे कॅमेरा स्थिर राहतो, माणसं नाही. तुमचा प्रश्न हलणाऱ्या माणसांचा आहे. ५० एमएम एफ १.८ लेन्स घ्या (एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते). तुमची लेन्स ५५ वर एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही. एफ १.८ वर त्याच्या जवळजवळ दहापट उजेड आत येतो. सेकंडहँड मिळाली तर बजेटमध्ये आरामात बसेल. घेताना मागून टॉर्च मारून बघा. पावसाळ्यात नीट न ठेवलेल्या लेन्सच्या काचेवर बुरशीचे धागे दिसतात.

छत्रीपाशी
५० चांगलीच आहे, पण एक लक्षात घ्या: १५००डीचा सेन्सर लहान, त्यामुळे ती ८० एमएमसारखी वागते. सीतलामाता बाजारात समोरून झांकी आली तर तिचा एक कोपराच मावेल. पूर्ण झांकीसाठी तुमचीच लेन्स १८ वर ठेवा, तिथे ती एफ ३.५ उघडते. झांकी स्वतःच एवढी उजळलेली असते की तेवढं पुरतं. लोक झूम करत करत ५५ वर जातात आणि मग अंधार झाला म्हणून लेन्सला नावं ठेवतात. झूम न करता दोन पावलं पुढे जा.

मिलवाल्यांच्या_चाळीतून
मी बरीच वर्षं या मिरवणुकीचे फोटो काढतो आहे. लेन्सचं वर दोघांनी बरोबर सांगितलंय, माझं सांगणं उजेडाबद्दल आहे.

झांकीच्या पुढे आखाडे (शस्त्रांच्या कसरती करणारी पथकं) चालतात. म्हणजे समोर उभं राहिलात तर पट्टा (लवचीक तलवार) आणि बनेठी (टोकांना पेटते बोळे लावून फिरवायची काठी) फिरवणाऱ्यांच्या पाठीमागे उजेड आणि तोंडावर अंधार. सगळे तिथेच गर्दी करतात आणि सगळ्यांना काळ्या आकृत्याच मिळतात. तुम्ही कडेला, थोडं तिरकं उभं राहा आणि झांकी तुमच्या समोरून जात असताना कॅमेरा पलीकडच्या लोकांकडे वळवा. झांकीचा लाल-पिवळा उजेड त्यांच्या तोंडावर पडलेला असतो. खांद्यावर बसलेली पोरं, ओट्यावरच्या आज्या, हात जोडलेले म्हातारे कामगार. तुमच्या बाबांना झांकी पाठ असेल. त्यांना ओळखीचे चेहरे बघायचे असतील.

आता आकडे. कॅमेरा एम (मॅन्युअल) वर टाका. शटर १/१०० सेकंदावर ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेचसे दिवे सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात. डोळ्याला कळत नाही, पण १/५०० वर काढलेल्या एका फोटोत दिवा उजळ तर दुसऱ्यात मंद येतो, कधी पट्टेही दिसतात. १/१०० मध्ये एक पूर्ण फेरी बसते. तरीही पट्टे दिसले तर १/५०. चेहऱ्यांना ५० एमएमवर एफ २ आणि आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ३२०० पासून सुरुवात करा, झांकीसाठी आयएसओ १६०० किंवा त्याहून खाली. काढलेला फोटो बघताना उजळ जागा लुकलुकत असतील तर आयएसओ आणखी उतरवा. पांढरे पडलेले दिवे नंतर कशानेही परत येत नाहीत.

आयएसओ वाढवला की फोटोत दाणे दिसतील, त्याला घाबरू नका. काळोखा फोटो काढून नंतर उजळवलात तर दाणे जास्त उठून दिसतात. ८ बाय १२ इंचांच्या छपाईत ३२०० चे दाणे हातभर अंतरावरून फारसे जाणवत नाहीत. हललेला चेहरा मात्र छोट्या फोटोतही कळतो. रॉ मध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल) काढा, म्हणजे रंगीत दिव्यांनी निळे-हिरवे झालेले चेहरे घरी दुरुस्त करता येतील.

पेटत्या बनेठीला मात्र १/१५ द्या, कोपर छातीला टेकवून, श्वास रोखून. आगीचं कडं उमटतं.

आणि फ्लॅश अजिबात नको. फिरवणाऱ्याच्या हातात तलवार असते, डोळ्यांवर फ्लॅश आला तर आजूबाजूच्या सगळ्यांना धोका. हे मी प्रत्येक नव्या मुलाला हात जोडून सांगतो.

सुदामानगर_४५२००९
मोबाइलने भागणार नाही का? माझ्या फोनचा नाइट मोड राजवाड्याचे फार सुंदर फोटो काढतो.

मिलवाल्यांच्या_चाळीतून
राजवाडा हलत नाही ना, दादा. नाइट मोड एकामागून एक बऱ्याच फ्रेम घेऊन त्या एकावर एक बसवतो. इमारतीला उत्तम, पण पट्टा फिरवणाऱ्याला तीन हात येतात. मोबाइलवरच काढायचं असेल तर नाइट मोड बंद करून उजेडातली माणसं निवडा.

जेलरोडची_लेक
सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना तुमचं उत्तर वाचून दाखवलं. कुणाकुणाचे फोटो हवेत याची यादी त्यांनी लगेच सांगायला घेतली. ५० एमएम सेकंडहँड बघते. फोकस चुकू नये म्हणून काय करू? एफ २ वर पलीकडच्या गर्दीत कॅमेरा भलत्यालाच पकडतो.

छत्रीपाशी
फक्त मधला फोकस पॉइंट चालू ठेवा. तो डोळ्यावर किंवा चष्म्याच्या काडीवर टेकवा, शटर अर्धं दाबून धरा, मग चौकट जुळवा. सपाट गालावर अंधारात फोकस भटकत राहतो, कडा मिळाली की पटकन बसतो. सवयीसाठी एखाद्या रात्री सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, जाऊन या. भुट्ट्याचा कीस ढवळणारे हात, कढईखालची आग, वरचे बल्ब, असाच मिश्र उजेड तिथे मिळतो. काढण्याआधी दुकानदाराला विचारा, बहुतेक जण हसून हो म्हणतात.

सराफ्यातला_निशाचर
जादा बॅटरी आणि रिकामं कार्ड विसरू नका, झांक्या पहाटेपर्यंत चालतात. आणि बाबांची यादी इथे टाका. मी जवाहर मार्गावर असतो, तुमच्याकडून कुणी सुटलं तर मी टिपतो.