आजोबांची डाव्या स्टेअरिंगची जीप: मूळची किती, बदललेली किती? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

कोल्हापूरजवळच्या चिखलीच्या मळ्यात जुन्या गुऱ्हाळाच्या छपराखाली आमच्या आजोबांची जीप उभी आहे. वाटण्या झाल्या त्यात ती माझ्याकडे आली. पुढच्या महिन्यात ती पेंटरकडे जायची होती. तो म्हणतो, सगळा रंग पत्र्यापर्यंत खरवडू, पुट्टी भरू आणि वरून मिलिटरी हिरवा मारू. मी त्याला थांबवलंय. त्या रंगाखाली गाडीचा इतिहास असेल, तर एकदा खरवडल्यावर तो परत मिळणार नाही. म्हणून आधी तुम्हाला विचारतोय.

घरात दोन मतं आहेत. आत्या म्हणते, आबांनी ती दुसऱ्या महायुद्धानंतर डिस्पोजलमधून, म्हणजे लष्करानं विकायला काढलेल्या गाड्यांतून घेतली. तिला एकच गोष्ट लख्ख आठवते: "बोनेटवर ही एवढी पांढरी चांदणी होती बघ. आबांनी निळा रंग मारून घेतला तवा मी रडले हुते." थोरल्या काकांचं म्हणणं, ही महिंद्राची सुरुवातीची गाडी, मागं उघडणारा फळका आहे म्हणजे मिलिटरीची असूच शकत नाही. आरसी बुकात पासिंग 1951 चं आहे आणि मेकच्या रकान्यात नुसतं 'जीप' लिहिलंय. महिंद्रानं विलीज या अमेरिकन कंपनीच्या जीपची जुळणी 1940 च्या दशकाच्या शेवटी सुरू केली, त्यामुळे तारखेवरून दोघांचंही खरं ठरू शकतं.

मग मी स्वतःच बघायला लागलो. जाळीच्या उभ्या फटी मोजल्या, नऊ भरल्या. युद्धातल्या जीपला नऊ आणि नंतरच्या साध्या विलीजला सात, एवढं मला माहीत आहे. हेडलाइट जाळीच्या आत बसवलेत आणि उजवा अजून बिजागरीवर मागं उलटा फिरतो, रात्री इंजिनावर उजेड पडावा म्हणून. डावा गंजून धरलाय. इंजिनाचं हेड सपाट आहे, प्लग वरून उभे बसलेत, रॉकर कव्हर नाही. म्हणजे उंच बोनेटच्या नंतरच्या जीपांना आलेलं हरिकेन इंजिन हे नव्हे, त्याआधीचं 2199 सीसीचं, 60 हॉर्सपॉवरचं साइड व्हॉल्व्ह. बॅटरी मात्र 12 व्होल्टची आहे. मूळची वायरिंग 6 व्होल्टची, तेव्हा हा बदल उघड आहे आणि मला तो खटकत नाही.

काकांचा मुद्दा मागच्या फळक्याचा. तो मी टॉर्च लावून अर्धा तास बघितला. कापाची रेघ डाव्या बाजूला सरळ जाते आणि उजवीकडे बोटभर खाली घसरते. आतून गॅस वेल्डिंगचे गठ्ठे हाताला लागतात. बिजागऱ्या तर सरळ मळ्याच्या फाटकाच्या आहेत. कारखान्यातून असा फळका निघणार नाही. दुधाचे कॅन चढवायला आबांनी कापून घेतला असणार.

आणि खरी अडचण इथंच आहे. कोल्हापुरात जुन्या गाडीचा पार्ट मिळाला नाही म्हणून गाडी बसून राहत नाही. उद्यमनगरात, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या वसाहतीत, नेऊन दाखवला की तसाच ओतून, लेथवर काढून देतात, आणि इतका चोख देतात की पन्नास वर्षांनी ओळखू येत नाही. माझ्या जीपच्या स्प्रिंगचे शॅकल, पेडलचे दांडे, एक मडगार्ड, यातलं अमेरिकेतून आलेलं कुठलं आणि उद्यमनगरातलं कुठलं? उद्यमनगरातलं निघालं तर मी ते काढून टाकणार नाही, तीही आमच्याच गाडीची गोष्ट आहे. पण कळायला तर हवं.

दसऱ्याला महाराजांची मेबॅक ही जुनी मोटार दसरा चौकात येते तेव्हा लहानपणी मी सोनं लुटायचं सोडून गाडीकडं बघत राहायचो. आमची जीप त्या तोलाची नाही, मला ठाऊक आहे. पण आबा त्याच जीपमधून आत्याला दवाखान्यात घेऊन गेले होते, पूर आला तर शेजाऱ्यांची पोरं त्यातूनच काढली होती. 2019 च्या पुरात ती स्वतः पाच दिवस पाण्यात राहिली. तो गाळ अजून चासीत भरलेला आहे.

नुसत्या हौसेपोटी विचारत नाही. 2021 च्या केंद्रीय नियमानुसार 50 वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा अशी अट आहे. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, पुढच्या नोंदणीला 5,000. नंतर ती रोजच्या वापराला चालत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची. मला तेवढंच हवंय. पण हा कापलेला फळका फेरबदलात धरतात का? ज्यांनी जीपची अशी नोंदणी केली आहे त्यांनी तपासणीत काय काय बघितलं ते सांगावं.

दुसरं, बोनेटच्या डाव्या बाजूला निळा रंग पोपडे धरून सुटलाय. त्याखाली करडा, त्याखाली मातकट हिरवा, आणि त्या हिरव्यावर पांढऱ्या रंगातले दोन आकडे अर्धवट दिसतात, एक नक्की 2 आहे. खालचा थर न दुखावता वरचे दोन कसे काढावेत? पाण्यातला पॉलिश पेपर किती नंबरचा घेऊ? चांदणीची जागाही मला तशीच उघडायची आहे, आत्याचे डोळे चांगले आहेत तोवर.

भर, रविवार रात्र:

इथल्या एकांनी व्यक्तिगत निरोपातून सांगितलं, बोल्टांच्या डोक्यावर इंग्रजी 'एफ' आहे का बघा, युद्धात विलीजसारख्याच जीपा फोर्डनंही बनवल्या, त्यांच्यावर तो असतो. आज घासलेट आणि पितळी ब्रश घेऊन बसलो. पुढच्या बंपरच्या चार बोल्टांवर 'एफ' निघाला! बोल्ट कुणीही बदलू शकतं, म्हणून तेवढ्यावर विश्वास ठेवला नाही. गाळ उकरून रेडिएटरखालचा चासीचा आडवा दांडा साफ केला. विलीजचा हा दांडा गोल नळीचा असतो, फोर्डचा उलट्या पन्हळीसारखा चौकोनी. माझा चौकोनी आहे. विलीजला डाव्या चासीच्या आतल्या बाजूला रिव्हेट मारलेली नंबराची पट्टी असते. ती इथं नाही, रिव्हेटची भोकंही नाहीत.

म्हणजे चासी फोर्डची, युद्धातली. आत्याचं खरं ठरलं. तिला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "मग मी काय खोटं सांगत हुते?"

पण इंजिनाच्या ब्लॉकवर, ऑइल फिल्टरजवळच्या चपट्या जागेवर, नंबराच्या आधी 'एमबी' आहे. हे विलीजचं इंजिन. फोर्डच्या गाडीत चासी आणि इंजिनाचा नंबर एकच असायचा, तेव्हा इंजिन कधीतरी बदललंय हे नक्की. आरसी बुकातला इंजिन नंबर मात्र ब्लॉकवरच्याशी आकडान् आकडा जुळतो. याचा मी लावलेला अर्थ असा, की अदलाबदल 1951 च्या आधीच झाली, बहुधा लष्कराच्या वर्कशॉपमध्ये, जिथं आलेल्या गाडीत तयार असेल ते इंजिन टाकायचे. हा अर्थ बरोबर आहे का? आणि पासिंगच्या आधीची ही अदलाबदल नोंदणीच्या वेळी आड येईल का?

चासीचा नंबर डाव्या बाजूला वरच्या अंगाला, शॉकअपच्या ब्रॅकेटजवळ सापडला, पण पुरानं खाल्लाय. ग्राइंडर अजिबात लावलेला नाही. एका जुन्या मेस्त्रींनी बजावलं की तिथं घासल्याची खूण दिसली तर नंबर खोडल्याचा संशय येतो. पातळ कागद ठेवून पेन्सिल प्रिंट काढला, तर तिसरा आकडा 3 आहे की 8 तेच कळेना, आणि आरसीवरही नेमकी तिथंच घडी पडून शाई गेलीय. ज्यांच्याकडे फोर्डची जीप आहे त्यांनी आपल्या नंबरातल्या 3 चा आणि 8 चा जवळून काढलेला फोटो टाकाल का? ठशाचं वळण ताडून बघता येईल. शनिवारी पुन्हा मळ्यात जाणार आहे. पेंटरला तोवर येऊ नको म्हणून सांगितलंय.