बैलात बल असतं का बळ का ऊर्जा?

पाटीपेन्सिल: भाची नववीत, मराठी मीडियम. सराव परीक्षेत तिने 'बैलात खूप बल असते म्हणून तो गाडी ओढतो' असं लिहिलं आणि अर्धा मार्क गेला. बाईंनी लाल पेनाने शेजारी लिहिलंय, 'बल असत नाही, लावले जाते.' घरी आजोबा भडकलेत, जन्म गेला बैल हाकण्यात आणि बैलात बळ नसतं होय! मला बाईंचं पटतंय पण दोघांनाही समजावता येईना. मग बैलात असतं तरी काय?

निवृत्त_मास्तर: बाई बरोबर आहेत. बैल जुवाला रेटतो, जू त्याच्या खांद्याला उलटं रेटतं, बल हे त्या दोघांमधलं. बैल थांबला की ते संपलं, कुठे साठून राहत नाही. साठते ती ऊर्जा, कडब्यातून आणि सरकीतून पोटात गेलेली. १५ किलोचा भरलेला हंडा पेलायला साधारण १४७ न्यूटन बल लागतं, तोच मीटरभर वर उचलला की १४७ जूल ऊर्जा त्याला मिळाली. नुसता धरून उभं राहिलं तर बल तेवढंच, पण हंडा सरकत नाही म्हणून कार्य, म्हणजे बलाने वस्तू सरकवून दिलेली ऊर्जा, शून्य.

घडवंची: शून्य?? हंडा कमरेवर घेऊन नळावर अर्धा तास भांडलेली बाई दमते ती उगाच का?

निवृत्त_मास्तर: हंड्यावर कार्य शून्य म्हटलं मी, बाईंना कष्ट शून्य नाही म्हटलं. स्नायू आतल्या आत सारखे आखडत नि सैलावत असतात, त्यात ऊर्जा खर्च होते आणि तिची उष्णता होते. तोच हंडा घडवंचीवर ठेवा, घडवंची तेवढंच बल लावते, वर्षभर लावते, दमत नाही. तुमच्या नावातच उत्तर आहे की.

खलबत्ता: माझ्या मते पोरीची चूकच नाही, घोळ शब्दाचा आहे. मराठीत बळ अंगातच असतं. भीमाच्या अंगात दहा हजार हत्तींचं होतं, तापानंतर आपलं सरतं, आणि बळी तो कान पिळी. पुस्तकवाल्यांनी ळ चा ल केला आणि आता पोरांनी समजून घ्यायचं की हा वेगळा प्राणी आहे. सरळ जोर म्हणायचं होतं. जोर लावतात, कुणाला विचारायला जावं लागत नाही.

उंबरठा: जोर फारसी आहे. आपल्याकडे रेटा असताना उसनवारी कशाला?

खलबत्ता: फारसी म्हणून काढायचा तर मग शेतकऱ्याची जमीनही काढून घ्या. आणि रेटा ढकलायला ठीक आहे हो, ओढायला काय? गुरुत्वाकर्षणाचा रेटा?

घडवंची: पण 'अंगात जोर नाही' असंही म्हणतातच की!

खलबत्ता: …हं. ते आहे.

म्युनिककर: इकडे जर्मनमध्ये हाच घोळ फार जुना. लायब्निझ हा जर्मन तत्त्वज्ञ आणि गणिती १६८६ मध्ये वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग याबद्दल लिहीत होता, त्याला पुढे त्याने नाव दिलं 'जिवंत बल'. म्हणजे आजची गतिज ऊर्जाच (चालत्या वस्तूतली), फक्त दुपटीने. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८४७ मध्ये ऊर्जेच्या अक्षय्यतेवर निबंध लिहिला, त्याच्या शीर्षकात शब्द आहे 'क्राफ्ट', म्हणजे बल. वीजकेंद्राला अजूनही क्राफ्टवेर्क म्हणतात आणि कुणी मार्क कापत नाही. भाचीचा अर्धा गेला तर त्या गृहस्थांचा आख्खा पेपर नापास.

उंबरठा: लांब कशाला जाताय, मुंबईत बघा. अणुऊर्जा आयोग, पण वसाहत अणुशक्तीनगर! एकाच खात्यात दोन शब्द. पुस्तकात शक्ती म्हणजे दर सेकंदाला किती जूल, वॅटमध्ये. लाइटबिलावरचं युनिट मात्र ऊर्जा, एका युनिटला ३६ लाख जूल. बाकी ऊर्जा शब्द सुंदर आहे, शुक्ल यजुर्वेदाची सुरुवातच 'इषे त्वोर्जे त्वा', तिथे ऊर्ज म्हणजे पोसणारा अन्नरस. कार्तिक महिन्याचं जुनं नावही ऊर्ज.

खलबत्ता: म्हणजे कडबाच की! मास्तरांचं पहिलं वाक्य वेदातून आलं तर.

घडवंची: आमच्या सोसायटीत एकांनी ईशान्येकडून ऊर्जा अडते म्हणून चपलांचं कपाट हलवलं.

निवृत्त_मास्तर: किती जूल अडत होती विचारा त्यांना.

उंबरठा: श्रद्धेची टिंगल नको, शब्दावर बोलू.

घडवंची: टिंगल कुठे, ते कपाट माझ्या दारासमोर आलंय!

पाटीपेन्सिल: अहो माझा बैल राहिला बाजूलाच. आजोबांना हंडा सांगितला तर म्हणे मास्तरांनी कधी हंडा उचललाय का. आणि भाची विचारतेय, उत्तरात 'ऊर्जा' लिहू का 'ताकद'? बाई ताकदीला मार्क देतील का?

उंबरठा: ताकदही बाहेरचीच.

खलबत्ता: एक सांगा, वर मास्तर जू म्हणाले. आमच्याकडे खांद्यावर असतं ते जोखड. दोन्ही एकच का?