मदत हवी आहे: डिओ कायमचा बंद करावा लागलाय, घामाच्या वासाचं काय करू?

घामाघूम

नमस्कार मंडळी. विषय जरा घामट आहे, जेवताना वाचत असाल तर नंतर या.

वय ३४. राहायला डोंबिवली, नोकरी दादरला. कॉलेजात असल्यापासून डिओ मारल्याशिवाय कधी घराबाहेर पडलो नाही. गेल्या उन्हाळ्यात दोन्ही काखा लाल झाल्या, खाज सुटली, मग कातडी काळपट पडून जाड व्हायला लागली. घरच्यांना गजकर्ण वाटलं. स्किनच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गजकर्ण नाही, डिओतल्या सुगंधी द्रव्यांची ॲलर्जी आहे. पॅच टेस्टमध्येही तेच निघालं. त्यामुळे डिओ, परफ्यूम, वासाची पावडर सगळं बंद. मलम लावून काखा आता स्वच्छ आहेत आणि खरं सांगायचं तर डिओशिवाय बरंही वाटतंय. परत त्या वाटेला जायचं नाही.

पण आता अडचण अशी की मला वास येतो की नाही हेच मला कळत नाही. बायकोला विचारलं तर म्हणते, "येतो, पण तुझाच येतो, त्यात काय?" ही साक्ष कोर्टात टिकणार नाही. आईचं मत, पुरुषाच्या जातीला घाम यायचाच. ऑफिसात कोणी तोंडावर बोलत नाही, पण मीटिंगमध्ये माझ्या शेजारची खुर्ची शेवटी भरते असं मला हल्ली वाटायला लागलंय. भासही असेल.

एक गोष्ट मात्र नक्की लक्षात आली आहे. दर शुक्रवारी कंपनीचा लोगोवाला टीशर्ट घालावा लागतो. घरून धुतलेला, इस्त्रीचा घालून निघतो आणि कुर्ला येईपर्यंत तो काखेत आंबूस मारायला लागतो. बाकीचे दिवस सुती शर्ट असतो, तेव्हा संध्याकाळपर्यंतही इतकं होत नाही. अंघोळ तीच, साबण तोच, माणूस तोच. असं का?

बेकिंग सोडा सुचवू नका. लावला होता, आग आग झाली. बाकी काहीही सांगा.

रसायनवाला

सौंदर्यप्रसाधनांच्या कारखान्यात क्वालिटीला आहे, म्हणून थोडं लांबण लावतो.

ताज्या घामाला जवळपास वास नसतो. अंगभर ज्या ग्रंथी असतात त्यांचा घाम म्हणजे पाणी आणि मीठ, तो शरीर थंड करायला. काखेत आणि जांघेत आणखी वेगळ्या ग्रंथी असतात, त्या वयात आल्यावर कामाला लागतात. त्यांच्या स्रावात चरबीसारखे आणि प्रथिनांचे पदार्थ असतात. कातडीवरचे जिवाणू ते फोडतात आणि त्यातून जे उडून जाणारे रेणू सुटतात त्यांचा वास आपल्याला येतो. त्यातले काही आम्लं आहेत, बकऱ्यासारखा उग्र वास त्यांचा. काहींमध्ये गंधक असतं, ते कांद्याच्या वासाचे. म्हणून शाळेत दुसरी-तिसरीतली पोरं दिवसभर उंडारून घामेजली तरी वास मारत नाहीत आणि नववीचा वर्ग पी.टी.च्या तासानंतर ओळखू येतो.

आता तुमच्या कामाचं. आपल्याकडे जे गॅसचे डबे डिओ म्हणून खपतात त्यात मुख्यतः अल्कोहोल आणि अत्तर असतं. घाम थांबवणारं ते अँटिपर्स्पिरंट, त्यात ॲल्युमिनियमचे क्षार असतात आणि ते घामाच्या नळीच्या तोंडाशी तात्पुरतं बूच बसवतात. तुमचं वैर अत्तराशी आहे, ॲल्युमिनियमशी नाही. बिनवासाचा रोल-ऑन मिळतो, डॉक्टरांना दाखवून तो वापरता येईल. तो रात्री कोरड्या काखेला लावायचा. सकाळी घाईत ओल्या काखेवर फिरवून लोक "काही उपयोग नाही" म्हणतात.

उगाचच

धागा वाचता वाचता नकळत स्वतःची काख हुंगलेल्यांनी हात वर करा. नको, राहू द्या, हात खालीच बरे.

सईची_आई

@घामाघूम, टीशर्ट पॉलिएस्टरचा आहे ना? दोष तुमचा नाही हो, त्या कापडाचा आहे. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली हेच तपासलं होतं. जिममध्ये सायकल मारून घामाघूम झालेल्या २६ जणांचे टीशर्ट घेतले, एक दिवस तसेच ठेवले आणि मग हुंगायला माणसं बसवली (काय नोकरी!). पॉलिएस्टर सुतीपेक्षा जास्त घाण वासाचं ठरलं. वास करणारे काही जिवाणू पॉलिएस्टरवर जोमाने वाढतात. शिवाय ते कापड पाणी पीत नाही पण तेलकट घाम घट्ट धरून ठेवतं. साध्या धुण्यात तो निघत नाही, मग अंगाच्या उबेने पुन्हा वास सुटतो. तुमचं कुर्ल्याचं गणित तेच आहे.

आमच्याकडे नवऱ्याच्या क्रिकेटच्या जर्सीचा हाच वनवास होता. मी काय करते ते सांगते. जर्सी उलटी करायची. काखेच्या जागी पातळ भांड्याच्या साबणाचा थेंब टाकून चोळायचं, तेल सुटतं. मग बादलीत गरम पाणी आणि धुण्याचा सोडा (खायचा नव्हे) टाकून तासभर भिजत. मग नेहमीसारखं धुणं, शेवटच्या पाण्यात कम्फर्ट-बिम्फर्ट अजिबात नाही, तुम्हाला तर ॲलर्जीमुळेही नाही. उलटीच उन्हात वाळत घालायची. मशीन संपल्यावर कपडे तासन् तास आत कोंडून ठेवत असाल तर सगळी मेहनत फुकट.

आणि पावसाळ्यात दोरीवर तीन दिवस लोंबणाऱ्या कपड्यांचा जो कुबट वास येतो, तो वेगळा. तो काखेचा नाही, न वाळलेल्या कापडात वाढणाऱ्या जिवाणूंचा असतो. निम्म्या पुरुषांना लोक "घामट" म्हणतात ते खरं तर कुबट असतात.

प्रेमळ_बोका

मी तर म्हणतो काहीच करू नका. पुरुषाचा नैसर्गिक वास बायकांना आवडतो, हे शास्त्राने सिद्ध झालंय. टीशर्ट हुंगायचा तो प्रसिद्ध प्रयोग वाचा.

निशिगंध

बोकोबा, वाचलाय. १९९५ चा, स्वित्झर्लंडमधल्या बर्नचा. ४४ विद्यार्थ्यांनी दोन रात्री सुती टीशर्ट घालून झोपायचं होतं. त्या काळात बिनवासाचा साबण, अत्तर बंद, मसालेदार खाणं बंद, दारू-सिगारेट बंद. मग ४९ मुलींनी ते टीशर्ट खोक्यातून हुंगले. ज्या मुलाची प्रतिकारशक्तीची जनुकं आपल्याहून वेगळी, त्याचा वास मुलींना सरासरीने बरा वाटला. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या मुलींमध्ये कल उलटा निघाला. पुढच्या प्रयोगांमध्ये कधी हे जुळलं, कधी नाही. "सगळ्या पुरुषांचा वास सगळ्या बायकांना आवडतो" असं त्यात कुठेही नाही. आणि ती मंडळी अंघोळ करून झोपलेली होती, मे महिन्यात बदलापूर फास्टच्या दारात लटकत नव्हती.

नवऱ्याच्या शर्टाचा वास मला आवडतो, नाकारत नाही. पण तोच वास बसमध्ये अनोळखी माणसाच्या वर केलेल्या हातातून आला की जीव नकोसा होतो. बायकोची साक्ष बाद, हे धागाकर्त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर.

रसायनवाला

निशिगंधताईंना अनुमोदन. जनुकांवरून आठवलं. @घामाघूम, तुमच्या कानातला मळ कोरडा आणि पापुद्र्यासारखा आहे की ओला-चिकट? हसू नका. एबीसीसी-११ नावाचं एक जनुक आहे, त्यातला एका अक्षराचा फरक कानातला मळ आणि काखेचा वास दोन्ही ठरवतो. जपानी संशोधकांनी २००६ मध्ये मळाचं कोडं त्यावरून सोडवलं. कोरिया, जपान, उत्तर चीनमध्ये बहुतेकांचा मळ कोरडा असतो आणि काखेला वास जवळजवळ नसतोच. आपल्याकडे दोन्ही प्रकार सापडतात.

घामाघूम

ओला. चांगलाच चिकट. नशीबच फुटकं.

बाबूकाका

मुला, एवढं जपान-बेल्जियम कशाला? तुरटी घे. आमच्या पिढीने डिओचं तोंड पाहिलं नव्हतं. अंघोळ झाली की तुरटीचा खडा ओला करून काखेत दोनदा हलका फिरवायचा आणि वाळेपर्यंत थांबायचं. वाळू न देता सदरा चढवला तर पांढरे डाग पडतात. खडा रोज धुऊन कोरडा ठेव. काख भादरली असेल त्या दिवशी लावू नकोस, दाढीनंतर न्हावी फासतो तेव्हा झोंबतं ना, त्याच्या दुप्पट झोंबेल. आणि बनियन सुती, रोज धुतलेलं. आजकालची मुलं बनियनच घालत नाहीत, घाम थेट शर्टाला.

रसायनवाला

काकांशी सहमत, फक्त एक भर. हाच खडा हल्ली "केमिकल-फ्री क्रिस्टल" म्हणून गुळगुळीत करून कितीतरी पट किमतीला विकतात. तुरटी हाही ॲल्युमिनियमचाच क्षार आहे. किराणावाल्याकडून घ्या. (आता कोणीतरी कॅन्सरचं विचारेलच, म्हणून सांगतो: ॲल्युमिनियमच्या डिओने स्तनाचा कर्करोग होतो, याला ठोस पुरावा सापडलेला नाही.)

डॉ_जास्वंद

त्वचारोगाची प्रॅक्टिस करते, पण इथे न बघता औषध सांगणार नाही. दोन गोष्टी तपासा. काखेतल्या केसांवर पिवळसर, मेणचट थर दिसतो का? तो जिवाणूंचा असतो, केस काढले की बराच प्रश्न मिटतो. तसा थर नसला तरी केस बारीक ठेवल्याने साबण कातडीपर्यंत पोहोचतो. ट्रिमर वापरा, ब्लेड नको, तुमची कातडी नुकती बरी झाली आहे. मुरमांसाठीचा बेन्झॉइल पेरॉक्साइडचा वॉशही काखेत वापरतात, मिनिटभर ठेवून धुवायचा, पण ॲलर्जीचा इतिहास बघता आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. आणि टॉवेल पांढरा घ्या, रंगीत टॉवेलचा रंग जातो.

कुणाचा वास अचानक बदलला, माशासारखा येऊ लागला किंवा रात्री अंथरूण भिजेल इतका घाम यायला लागला, तर मात्र धागा काढत बसू नये, दवाखान्यात यावं. मेथीचे लाडू खाऊन घामाला मेथीचा वास येतो, तेवढ्यासाठी नका येऊ.

घामाघूम

सगळ्यांचे आभार. थोडी खबर देतो.

स्वतःचा वास तपासायचा उपाय मेहुण्याने सुचवला. संध्याकाळी काढलेलं बनियन पिशवीत बांधून ठेवायचं, बाहेर एक चक्कर मारून यायचं आणि मग पिशवी उघडून हुंगायची. दिवसभर सोबत असल्याने नाक त्या वासाला सरावतं, चक्कर मारून आल्यावर ताजं होतं. सुती शर्टाच्या दिवसाचं बनियन ठीकठाक निघालं, म्हणजे वास आहे पण माणसात बसण्यासारखा. शुक्रवारच्या टीशर्टची पिशवी मेहुण्याने उघडली आणि न बोलता गॅलरीत ठेवून आला.

सध्या तुरटी चालू आहे, आग होत नाही. सईच्या आईंच्या सोड्याने टीशर्टला फरक पडला, आता तो ऑफिसपर्यंत टिकतो, पण दुपारच्या जेवणानंतर पुन्हा तेच रामायण. एचआरमध्ये विचारलं, तर म्हणाले लोगो दिसला पाहिजे, कापड कुठलंही चालेल, खर्च तुमचा. तेव्हा आता शेवटचा प्रश्न: डोंबिवली-कल्याण-ठाण्याकडे शंभर टक्के सुती कॉलरवाल्या टीशर्टवर लोगो भरून देणारं कोणी माहीत आहे का? चार-पाच नगच हवेत, घाऊकवाले फोन ठेवून देतात.

उगाचच

उल्हासनगर. स्टेशनबाहेर कोणालाही विचार. पण जाताना सुती घालून जा.