मदत हवी आहे: मिझुरी, एच-१बी आणि घरात पिस्तूल

नमस्कार मंडळी. आम्ही सेंट लुईसजवळ राहतो. नवरा एच-१बीवर (नोकरीचा तात्पुरता व्हिसा), मी एच-४वर (त्याच्या जोडीदाराचा). आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर आहे, पण भारतीयांची ग्रीन कार्डची रांग तुम्हाला माहीतच आहे.

मध्यंतरी आमच्या आळीत घरफोड्या झाल्या, तेव्हापासून नवऱ्याने पिस्तूल घ्यायचं मनावर घेतलंय. शेजारी म्हणतो, आधी माझ्याबरोबर नेमबाजीच्या रेंजवर चला, माझंच चालवून बघा. आणि इथले जुने मराठी मित्र ठासून सांगतात की मिझुरीत केंद्राचा बंदूक कायदा चालतच नाही.

म्हणून मी तो कायदा वाचला. सेकंड अमेंडमेंट प्रिझर्वेशन ॲक्ट, गव्हर्नर माइक पार्सन यांची सही १२ जून २०२१ची. शस्त्र बाळगण्याच्या हक्कावर गदा आणणारे केंद्राचे कायदे या राज्यात अवैध, आणि जे पोलीस खातं ते राबवेल त्याला प्रत्येक वेळी ५०,००० डॉलर दंड. संरक्षण कुणाला? राज्याच्या कायद्याने ज्याला बंदी नाही अशा 'कायदा पाळणाऱ्या नागरिकाला'. त्यातून वगळलंय ते देशात बेकायदा राहणाऱ्यांना. आम्ही तर कायदेशीर राहतो! नवरा याच ओळीवर बोट ठेवतो.

पण केंद्राचं कलम ९२२(जी)(५) सांगतं की आमच्यासारख्या व्हिसावर बंदूकही नको आणि काडतूसही नको. मग खरं काय धरायचं? रेंजवर तासभर दुसऱ्याची बंदूक हातात घेतली तर तेही 'बाळगणं' का? शिकारीचा परवाना काढला की चालतं म्हणतात, ते खरं का? कंपनीचा वकील म्हणतो हा माझा विषय नाही. मुलगी इथे शाळेत आहे. मला चोरांपेक्षा व्हिसाचं स्टेटस जाण्याची धास्ती जास्त वाटते.

प्रतिसाद १
आम्ही मिझुरीतल्या कॅन्सस सिटीत असतो. कॅरी परमिट (बंदूक जवळ घेऊन फिरायचा परवाना) लागत नाही, कुणी विचारत नाही. बिनधास्त घ्या.

प्रतिसाद २
ताई, वरच्या सल्ल्याने कृपया जाऊ नका. परमिट लागत नाही हे बरोबर आहे, पण ते ज्याला बंदूक बाळगायची मुभा आहे त्याच्यासाठी.

मुळात मिझुरीचा तो कायदा कोर्टात टिकला नाही. केंद्राच्या न्याय खात्याने २०२२ मध्ये खटला भरला, मार्च २०२३ मध्ये न्यायाधीश ब्रायन वाइम्स यांनी तो घटनाबाह्य ठरवला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये आठव्या सर्किटने (केंद्राचं अपील कोर्ट) तो निकाल कायम केला. मधल्या काळात दंडाच्या भीतीने पोलीस खाती केंद्राबरोबरच्या संयुक्त पथकांतून माणसं काढून घेत होती. ओफॅलनच्या पोलीस प्रमुखांनी तर याच कायद्याचं कारण देऊन राजीनामा दिला.

पण समजा तो टिकला असता, तरी तुम्हाला त्याची ढाल मिळाली नसती. आपल्याकडे भारतात शस्त्रं केंद्र सूचीत, १९५९चा कायदा संसदेचा, आणि परवाना देतात कलेक्टर नाहीतर पोलीस आयुक्त. घटनेच्या कलम २५६मुळे राज्याला 'आम्ही नाही राबवणार' म्हणता येत नाही. अमेरिकेत ते म्हणता येतं. केंद्राच्या ब्रेडी कायद्याने बंदूक घेणाऱ्यांच्या तपासणीचं काम शेरीफांवर, म्हणजे स्थानिक पोलीस अधिकाऱ्यांवर, टाकलं होतं. १९९७च्या प्रिंट्झ खटल्यात सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की केंद्राला राज्यांच्या अधिकाऱ्यांना असं कामाला जुंपता येणार नाही. राज्याचा अधिकार इथपर्यंतच. केंद्राचे स्वतःचे एजंट, वकील, कोर्टं आहेत आणि त्यांना कायदा पुरा लागू आहे.

कॅन्ससने २०१३ मध्ये असाच कायदा केला होता. त्यावर विसंबून शनूट गावच्या एका दुकानदाराने केंद्राच्या नोंदणीविना बंदुकीचे सायलेन्सर विकले, एका माजी सैनिकाने एक घेतला. दोघेही फेडरल कोर्टात दोषी ठरले. राज्याचा कायदा सांगत होता म्हणून घेतला, हा बचाव दहाव्या सर्किटने मानला नाही.

रेंजबद्दल: २०१९चा रिहाइफ खटला वाचा. विद्यार्थी व्हिसावर आलेला मुलगा, कॉलेजमधून काढल्यावरही इथेच राहिला, आणि खटला झाला तो रेंजवर गोळ्या झाडल्याबद्दल. त्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की आपलं स्टेटस त्याला ठाऊक होतं हेही सरकारने सिद्ध करायला हवं. तुम्हाला तर तुमचं स्टेटस पक्कं ठाऊक आहे. २०२२पासून या गुन्ह्याला १५ वर्षांपर्यंत कैद आहे, शिवाय शस्त्राचा गुन्हा हे हद्दपारीचं कारण ठरतं. जाणूनबुजून बंदूक देणारा शेजारीही अडकू शकतो.

शिकारीच्या परवान्याची सवलत मात्र खरी आहे, ती केंद्राच्याच कायद्यात आहे. परवाना अमेरिकेतल्या राज्याचा आणि चालू मुदतीचा हवा. दुकानात फॉर्म ४४७३ (बंदूक घेताना भरायचा केंद्राचा फॉर्म) भरताना तो दाखवावा लागतो. मुदत संपली आणि पिस्तूल कपाटात तसंच राहिलं, तर सवलत गेली. असा परवाना हातात येईपर्यंत रेंजसुद्धा नको. आधी फौजदारी वकिलाला विचारा, आणि त्याचं उत्तर लेखी घ्या.

धागाकर्ती
मनापासून आभार. नवऱ्याला हे सगळं वाचून दाखवलं, शेजाऱ्यालाही रेंजचं नको म्हणून कळवलं. सध्या दाराला चांगलं कुलूप आणि कॅमेरा बसवतोय. सेंट लुईस भागात फौजदारी आणि इमिग्रेशन दोन्ही पाहणारा वकील कुणाला माहीत असेल तर व्यनि करा.